पटाचा बैल आणि शर्यतीची मोटार

माणसाच्या हातीं वेगाचें कोणतेंही साधन आलें, कीं त्याच्या उपयोगाबरोबरच त्याची शर्यतही जन्मास येते. ज्यानें पहिल्यानें घोड्यावर मांड ठोकली, त्याला शेजाऱ्याचा घोडा आपल्या मागें पडलेला पाहण्याची इच्छा झाली नसेल, असें मानणें कठीण आहे. नाव झाली, गाडी झाली, सायकल झाली, मोटार झाली; साधनें बदललीं, हौस तीच राहिली. परंतु ह्या हौसेचा इतिहास पाहतांना आपण बहुधा विजेत्यांचीं नांवें आणि वेगाचे आंकडे मोजतों. त्या हौसेचें मोल कोणी, कशाच्या रूपानें आणि किती दिलें, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. प्रस्तुत लेखांत तो मांडून पाहण्याचा विचार आहे. त्यासाठीं तराजूच्या एका पारड्यांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टींतला शंकरपट व दुसऱ्यांत हौशी लोकांची मोटार-शर्यत घातली आहे. ही जोडी प्रथमदर्शनीं विजोड वाटेल. पण दोहोंची कुळकथा एक आहे, आणि दोहोंपुढें आज उभा असलेला प्रश्नही एकच आहे, असें आम्हांस वाटतें.

वैनगंगेच्या दोन्ही कांठांचा जो मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो, त्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा हा सारा प्रदेश येतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, आणि जुन्या कागदपत्रांत त्याचें नांव चांदा असें आढळतें. बाहेरच्या माणसाला हा भाग साग, बांबू, वाघ आणि कोळसा ह्यांवरून ठाऊक असतो. पण येथला संसार चालतो तो धानावर. ठिकठिकाणच्या जुन्या तलावांचें पाणी बांध्यांत घ्यावें, चिखल करावा, रोवणी करावी, आणि दिवाळीच्या मागेंपुढें कापणीस लागावें, हा येथला क्रम. त्या गुडघाभर चिखलांत माणसाच्या बरोबरीनें राबला तो बैल. ‘कठाणी’ नांवाची जी गाय-बैलांची जात अलीकडे राष्ट्रीय नोंदींत आली, ती ह्याच मुलखांतली. अंगानें बेताची, पण चिखलांत न दमणारी.

धान घरांत आलें, कीं बांध्या मोकळ्या होतात, जमीन टणक होते, आणि कष्टकऱ्याच्या हातीं थोडा वेळ व थोडा पैसा खुळखुळूं लागतो. हाच पटाचा हंगाम. गांवाबाहेरची एखादी लांबट जमीन साफसूफ करून सपाट करावयाची, दोहों बाजूंस लोकांना उभें राहण्यास जागा ठेवावयाची, आणि हलक्या छकड्यास जुंपलेली बैलजोडी सरळ रेषेंत सोडावयाची. मग ती कोठें घड्याळाशीं धांवते, कोठें शेजारून सुटलेल्या दुसऱ्या जोडीशीं. छकड्यावर जो बसतो त्याला विदर्भांत धुरकरी म्हणतात. सारा प्रकार कांहीं सेकंदांत आटोपतो. परंतु त्या सेकंदांभोंवतीं दोन-तीन दिवसांची जत्रा उभी राहते. मिठाईचीं, बांगड्यांचीं, लोखंडी हत्यारांचीं दुकानें लागतात. घरोघर पाहुणे येतात, उपवर मुलामुलींच्या गोष्टी निघतात, आणि रात्र पडली कीं नाटकाचा पडदा वर जातो. झाडीपट्टीची म्हणून जी स्वतंत्र रंगभूमि आहे, आणि देसाईगंज म्हणजे वडसा येथें जिच्या कंपन्यांचें ठाणें आहे, ती पट आणि मंडई ह्यांच्याच आधारानें वाढली. ह्या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे ह्यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां पुण्या-मुंबईच्या पुष्कळ लोकांस तिचें नांव प्रथम कळलें. दिवसा बैलांची धांव आणि रात्रीं माणसांचें नाटक, असा हा एकच उत्सव होय.

आतां ह्या खेळास मूळ खर्च काय होता? बैल घरचा; तो नांगरासाठीं पाळलेलाच होता. कडबा-तणीस घरचें. छकडा गांवच्या सुतारानें केलेला. पटाच्या आधीं महिनाभर बैलाला ढेप-सरकी अंमळ जास्त घालावयाची, एवढाच काय तो वरखर्च. आणि तोही वायां जात नसे. कारण पटांत जी जोडी सरस ठरे, तिची किंमत वाढे, तिच्या धन्याचा गांवांत मान वाढे. बाजारांत बैलाचे दांत पाहून वय कळतें. त्याचा दम, त्याची सरळ चाल, जोडीदाराशीं त्याचा मेळ हें सारें धांवेंतच कळतें. म्हणजे पट हा खेळ होता, तशीच ती परीक्षाही होती. वर्धा-नागपुराकडील गवळाऊ बैलांविषयीं असें सांगतात, कीं मराठ्यांच्या फौजांना डोंगराळ मुलखांत जलद सामान वाहणारें जनावर हवें होतें, म्हणून ही चपळ जात जोपासली गेली. तेव्हां बैलाचा वेग हीही मुळांत चैनीची वस्तु नव्हती. ती कामाची गरज होती, आणि खेळ हा त्या गरजेचा उत्सव होता.

मोटारीची कथा ह्याहून निराळी असेल असें वाटतें. पण ती तशी नाहीं. पहिली गाजलेली मोटार-स्पर्धा २२ जुलै १८९४ रोजीं पॅरिस ते रूआं ह्या सुमारें १२६ किलोमीटरांच्या रस्त्यावर एका वृत्तपत्रानें भरविली. तिची अट वेगाची नव्हतीच! गाडी धोक्याची नसावी, चालविण्यास सोपी असावी, आणि रस्त्यावर तिचा खर्च फार येऊं नये, अशा तीन कसोट्या होत्या. द दियों ह्या उमरावाची वाफेची गाडी सर्वांच्या आधीं पोंचली. पण ती म्हणजे पुढें वाफेचें इंजिन आणि मागें जोडलेली बग्गी असा बैलगाडीसारखाच प्रकार होता, आणि भट्टींत कोळसा घालण्यास निराळा माणूस लागे. म्हणून पहिलें बक्षीस तिला न देतां पेट्रोलवर चालणाऱ्या पूझो व पानार ह्या कारखान्यांच्या गाड्यांत वांटून दिलें. त्या पहिल्या गाडीचा सरासरी वेग ताशीं १९ किलोमीटरांच्या आसपास होता. पटाच्या चांगल्या जोडीनें कांहीं क्षण तरी तिला मागें टाकलें असतें. पुढल्या वर्षीं लव्हासोर नांवाच्या यंत्रज्ञानें पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याचें सुमारें ११७८ किलोमीटरांचें अंतर ४८ तास ४८ मिनिटांत कापलें, आणि मोटार हें खेळणें नसून वाहन आहे अशी लोकांची खात्री पटली. आपल्याकडे १९०४ च्या डिसेंबरांत दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची जी कसोटीची धांव निघाली, तिचाही हेतु हाच, कीं हिंदुस्थानच्या रस्त्यांवर हें यंत्र टिकतें कीं नाहीं तें पाहावें.

परंतु परीक्षा संपली आणि शर्यत उरली, तेथें हिशेब बदलला. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतींत मार्सेल रेनो ह्या कारखानदारासह अनेक स्पर्धक व रस्त्याकडेचे लोक प्राणांस मुकले, आणि शर्यत बोर्दोलाच थांबवावी लागली. रस्ता सर्वांचा, त्यावर कांहींजणांच्या हौसेचें मोल भलत्यानेंच कां द्यावें, हा प्रश्न तेव्हां प्रथम उभा राहिला. त्याचें उत्तर म्हणून बंदिस्त मार्ग आले. इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें १९०७ सालीं एका जमीनदारानें स्वतःच्या खर्चानें असा मार्ग बांधला, आणि तेथें जमणारी मंडळी अर्थातच निवडक व धनिक असे. मार्ग आला, मार्गासाठीं खास गाडी आली, गाडीसाठीं खास टायर, खास तेल आणि खास कारागीर आले. बाजारहाटास जाण्याच्या कामाची नसलेली मोटार येथें जन्मली. आपल्या देशांत मुंबईचें जुहू व मद्रासजवळील शोलावरम येथील विमानांच्या धांवपट्ट्यांवर हौशी लोकांनीं १९५० नंतर शर्यती केल्या. त्या एका अर्थीं काटकसरीच्याच म्हणावयाच्या, कारण धांवपट्टी आयती होती. पण २०११ सालीं दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथें जो जागतिक दर्जाचा मार्ग झाला, त्याचा खर्च सुमारें २००० कोटी रुपये झाल्याचें तेव्हां प्रसिद्ध झालें. आणि ज्या फॉर्म्युला वन शर्यतीसाठीं तो बांधला, ती तेथें २०११, २०१२ व २०१३ अशी तीनच वर्षें झाली. हा खेळ कीं करमणूक, ह्या कराच्या वादांत ती अडकली. बांध्या मोकळ्या झाल्या म्हणून भरणारा पट आणि हा मार्ग ह्यांत किती अंतर पडलें पाहा!

असो. मोटारवाल्यांच्याही हें लक्षांत आलें नाहीं असें नाहीं. खर्चाच्या ह्या डोंगरावरून खालीं उतरण्याचे जे प्रयत्न त्यांनीं केले, ते मोठे मनोरंजक आहेत. १९५६ सालीं कॅलिफोर्नियांत आर्ट इंगल्स ह्या कारागिरानें गवत कापणाऱ्या यंत्रासाठीं बनविलेलें एक लहानसें इंजिन लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बसविलें, आणि ‘कार्ट’ ही खेळाची गाडी जन्मास आली. हा गृहस्थ शर्यतीच्या महागड्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यांतच नोकरीस होता, हें विशेष! पुढें जगांतील बहुतेक नामांकित चालक ह्याच बाळगाडीवर घडले, आणि आपल्या कोल्हापुरांतही तिच्यासाठीं मार्ग बांधला गेला. १९७३ सालीं इंग्लंडांतील एका खेड्यांत कांहीं मंडळींनीं त्याहून पुढें जाऊन गवत कापण्याच्या यंत्रांचीच शर्यत लावली. तिचा दंडक असा, कीं इंजिन फुगवावयाचें नाहीं, जाहिरातदार घ्यावयाचा नाहीं, आणि रोख बक्षीस द्यावयाचें नाहीं. अमेरिकेंत २००६ पासून ५०० डॉलरांहून अधिक किमतीची गाडी आणूंच नये, अशा अटीची एक थट्टेखोर पण दमछाक करणारी शर्यत भरते; फक्त जीव वांचविण्याच्या सामानाचा खर्च त्या मर्यादेंत धरीत नाहींत. ह्या तिन्ही प्रयत्नांचें मर्म एकच दिसतें. खेळ पुन्हां कामाच्या वस्तूजवळ, टाकाऊ वस्तूजवळ, सामान्य माणसाच्या खिशाजवळ न्यावा. आणि आश्चर्य असें, कीं त्यामुळें मौज कमी झाली नाहीं.

ती कां कमी झाली नाहीं, हें पाहूं गेलें, तर धुरकरी आणि कार्टचालक एकमेकांचे भाऊ ठरतात. वेग अंगाला जाणवतो तो आंकड्यांनीं नव्हे, जमिनीच्या जवळिकीनें. कार्टवर बसलेल्याची पाठ जमिनीपासून वीतभरच वर असते, म्हणून ताशीं ५० चा वेग त्याला १०० सारखा भासतो. छकड्यावरच्या धुरकऱ्याचेंही तसेंच. पायांखालीं चार लाकडें, समोर दोन पाठी, तोंडावर उडणारी माती. कांचेआड बसून दुप्पट वेगानें जाणाऱ्याला ही थरारी स्वप्नांतही मिळावयाची नाहीं. मात्र एक भेद मोठा आहे. इंजिन आज्ञेंत असतें. बैलाला स्वतःचें मन असतें. दोन बैल म्हणजे दोन मनें, आणि तिसरें धुरकऱ्याचें. तिन्ही एका रेषेंत आलीं तर जोडी बाणासारखी जाते. एकाचें बिनसलें, कीं छकडा गर्दींत शिरतो. अमरावती जिल्ह्यांत तळेगांव दशासर येथें पटांत स्त्रियाही धुरकरी म्हणून उतरल्या, त्यावरून हें काम नुसत्या मनगटाच्या जोराचें नाहीं हें उघड होतें. दुसरा भेद पाहणाऱ्यांचा. मैदानांत एकट्या मोटारीनें घड्याळाशीं झगडावें, ह्या शर्यतींतली मौज बहुतेक सारी चालकाच्याच वांट्याला येते, आणि खर्चही त्याचाच. पटांत खर्च धन्याचा, धोका धुरकऱ्याचा, आणि थरारी साऱ्या पंचक्रोशीची. मोजून पाहिलें, तर दर माणशीं इतक्या थोड्या पैशांत इतका आनंद देणारा दुसरा खेळ सांपडणें कठीण.

येथपर्यंत हिशेब पटाच्या बाजूनें झुकला. पण त्यांत एक रकम आम्हीं जाणूनबुजून मागें ठेविली होती. ती आतां मांडली पाहिजे. मोटारीला वेदना नाहीं, बैलाला आहे. तुतारीची आर, पिळलेली शेपटी, आसूड, पाजलेलीं मादक द्रव्यें, ह्या गोष्टी अनेक शर्यतींत घडत आल्या हें नाकारणें म्हणजे डोळ्यांवर कातडें ओढणें होय. धुरकरी आपल्या खुषीनें जीव धोक्यांत घालतो. बैलाला कोणी विचारलें? हाच प्रश्न न्यायालयापुढें गेला. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेनें बैलाला खेळ-तमाशांत वापरण्यास मनाई झाली. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यती १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याविरुद्ध ठरविल्या. बैल हा ओढीचा प्राणी आहे, धांवण्यासाठीं त्याची घडण नाहीं, असें त्या निकालाचें एक सूत्र होतें. महाराष्ट्रानें २०१७ त कायदा दुरुस्त केला, पण त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें शर्यती थांबविल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस सशर्त वाट दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें दुरुस्ती वैध ठरविली. आतां जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आणि पशुवैद्याची तपासणी लागते, काठी-आसूड व विजेचे धक्के वर्ज्य आहेत, आणि क्रूरपणा केल्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. १९०३ नंतर मोटारीची शर्यत रस्त्यावरून बंदिस्त मार्गांत गेली, तशीच पटाची धांव आतां नियमांच्या कुंपणांत आली आहे. दोन्हीकडे कारण एकच: ज्यानें संमति दिलेली नाहीं, त्याच्याकडून हौसेचें मोल वसूल करूं नये.

परंतु कायद्याच्या ह्या दहा-बारा वर्षांत एक दुसरा बदल निमूटपणें होत गेला, आणि आमच्या मतें पटाचें भवितव्य न्यायालयापेक्षां त्यावर अधिक अवलंबून आहे. बांध्यांतला चिखल आतां ट्रॅक्टर करूं लागला. नांगराचा बैल घरोघर कमी होत चालला. पटाचा बैल मात्र उरला. हा बैल नांगराला लावीत नाहींत, कारण त्याची चाल बिघडेल. तो पटापुरताच पोसावयाचा. त्याला खुराक निराळा, राखणदार निराळा, आणि एका पटाहून दुसऱ्या पटाला नेण्यास मालमोटार निराळी. नांवाजलेल्या जोडीची किंमत लाखांच्या घरांत जाते. शिवाय उभी मोटार कांहीं खात नाहीं. बैलाला नित्य दोन वेळां घालावें लागतें. म्हणजे बाजारहाटाच्या कामाची नसलेली मोटार जशी १९०७ च्या सुमारास जन्मली, तसा शेतीच्या कामाचा नसलेला बैल आज जन्मास येत आहे. आणि शर्यतींचें बक्षीस म्हणून ट्रॅक्टर देण्याची जी प्रथा महाराष्ट्रांत दिसूं लागली आहे, ती तर ह्या कथेवरचा क्रूर विनोदच! ज्यानें आपल्या भाऊबंदांना गोठ्याबाहेर काढलें, त्यालाच जिंकून आणण्यासाठीं बैलानें धांवावयाचें. इटलींतील लॅम्बोर्गिनी नांवाच्या गृहस्थानें १९४८ त ट्रॅक्टर बांधण्यास आरंभ केला आणि १९६३ त धनिकांसाठीं वेगवान मोटारींचा कारखाना काढला. त्या मोटारीवर चिन्ह आहे तें बैलाचें. शेतांतून निघून श्रीमंताच्या अंगणांत जाण्याची ही वाट बैलालाही चालावी लागेल, असें दिसतें.

तात्पर्य काय? खेळ जोंपर्यंत कामाच्या पोटीं असतो, तोंपर्यंत तो स्वस्त असतो आणि सर्वांचा असतो. काम सुटलें, कीं तो महाग होतो आणि थोड्यांचा होतो. मोटारीच्या इतिहासानें हें एकदां दाखविलें. पटाच्या इतिहासांत तें आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. ज्या मंडळींनीं गवत कापण्याचें यंत्र शर्यतीस लावलें, त्यांनीं ही गति उलटी फिरविण्याचा एक मार्गही दाखवून ठेविला आहे. पट भरविणाऱ्यांना तो अशक्य नाहीं. कांहीं पटांत आजही गट पाडण्याची चाल आहे. त्यांत एक गट केवळ नांगरास चालणाऱ्या, त्याच पंचक्रोशींतल्या जोड्यांचा असावा, त्यालाच पहिला मान असावा, आणि बक्षीस असें असावें, कीं तें बैलाच्या गोठ्यांत शोभेल. वेग थोडा कमी भरेल. गर्दी कमी होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

धुरकऱ्याच्या तोंडावर उडणारी माती ही त्याच्याच शेतांतली असावी, आणि उद्यां त्याच मातींत त्याच जोडीनें काम करावें, ह्यांत पटाची खरी श्रीमंती होती. ती राहिली, तर धानाची कापणी संपल्यावर वैनगंगेच्या कांठीं दिवसा पट आणि रात्रीं नाटक असा उत्सव पुढल्या पिढ्यांनाही पाहावयास मिळेल. ती गेली, तरी शर्यती होत राहतील, बक्षिसें वाढत राहतील. मात्र त्या ब्रुकलंड्सच्या शर्यती असतील, झाडीपट्टींतल्या नव्हेत.